बर्डीच्या रस्त्याला सावली हवी

नागपुरात वास्तुवारशाचा विषय निघाला की बोलणारा माणूस हमखास सिव्हिल लाइन्सकडे बोट दाखवतो. उच्च न्यायालय, विधानभवन, जनरल पोस्ट ऑफिस, अजब बंगला म्हणजे जुनं संग्रहालय. या वास्तूंचा अभिमान वाटावा यात शंका नाही. उच्च न्यायालयाची इमारत १९४० साली खुली झाली. तिचे वास्तुविशारद हेन्री मेड नवी दिल्लीच्या उभारणीत काम करून आलेले होते, आणि घुमट, खांब, व्हरांडे यांत तो अभ्यास दिसतो. पण या सगळ्या इमारती कुंपणाच्या आत आहेत. त्यांच्यापुढे हिरवळ आहे, फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे. सामान्य नागपूरकराचं त्यांच्याशी नातं रस्त्यावरून बघण्याचं, नाहीतर तारखेला हजर राहण्याचं. ज्या इमारतींच्या ओट्यावर त्यानं पाऊस टाळला, ज्यांच्या छज्ज्याखाली त्याच्या आईनं पिशव्या खाली ठेवून दोन मिनिटं दम घेतला, त्या इमारती बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात आहेत, महालात आहेत, इतवारीत आणि सदरमध्ये आहेत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, आणि जुनं ते सोनं असं म्हणायचं नाही. बर्डीवरच्या जुन्या इमारतींमध्ये कितीतरी सुमार आहेत आणि नव्यांमध्ये काही खरोखर चांगल्या आहेत. बाजाराच्या रस्त्यावरच्या इमारतीला एकच प्रश्न आधी विचारावा, असं माझं म्हणणं आहे: भर मे महिन्यात, दुपारी बाराला, तुझ्या समोरून चालणाऱ्या माणसाला तू काय देतेस? इमारतीचं वय, शैली, उंची, तिला लागलेली काच, हे सगळं नंतर.

हा प्रश्न नागपुरात विचारायला एक ठोस कारण आहे, आणि ते आकाशात आहे. आपलं शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या आसपास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. आणि रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की सुरू होणारा नवतपाही त्याच दिवसांत. म्हणजे ज्या दिवसांत शहर सर्वात जास्त तापतं, नेमकं त्याच दिवसांत उभ्या भिंतीची सावली दुपारी पडतच नाही. दहा मजली इमारत असो की दोन मजली, तिच्या पायथ्याशी चालणाऱ्याला भर दुपारी तिच्या उंचीचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो तो फक्त डोक्यावर पुढे आलेल्या आडव्या गोष्टीचा: छज्जा, गॅलरी, ओसरी, कमानीखालची वाट. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पारा ४५च्या वर गेला की आता आपल्याला त्याची बातमीही वाटत नाही. अशा गावात बाजाराच्या इमारतीचा पुढे आलेला छज्जा हा अलंकार नसतो. त्याच्याशिवाय बाजार चालत नाही.

जुन्या गवंड्या-सुतारांना अक्षांश-रेखांश ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

सकाळी लवकर, शटर उघडायच्या आधी, व्हेरायटी चौकाकडून लोखंडी पुलाकडे मान वर करून चालत जा. अजून उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या दुमजली इमारतीपाशी थांबा. खाली काळ्या दगडाचं जोतं, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच. त्यावर ओटा. ओट्याच्या कडेला सागवानी खांब, खांबाच्या डोक्यावर कोरलेला घोडा, म्हणजे वरच्या गॅलरीचं ओझं तोलणारा लाकडी आधार. त्यावर पाच-सहा फूट पुढे आलेली गॅलरी, तिला लाकडी नाहीतर बिडाचा कठडा. गॅलरीमागे उंच दारं, दारांवर झडपा, झडपांवर रंगीत काचेचे तुकडे बसवलेली वाऱ्याची खिडकी. सगळ्यात वर चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी आणि मधोमध बांधणीचं साल. आता यातलं काय दिसतं ते बघा. पहिल्या मजल्याच्या पट्टीपासून कठड्यापर्यंत फ्लेक्सचा नाहीतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा बोर्ड चढवलेला असतो. बोर्डाच्या लोखंडी चौकटीसाठी सागवानी खांबात बोल्ट ठोकलेले असतात. मागची खिडकी वर्षानुवर्षं उघडलेली नसते, म्हणून आतला वरचा मजला गोदाम झालेला असतो. पावसाचं पाणी बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये साचतं आणि त्या ओलाव्यावर पिंपळ धरतो. पिंपळाची मुळं गिलावा फोडतात. मग एक दिवस इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागते. पिंपळाला जागा कुणी करून दिली, हे त्या नोटिशीत नसतं.

आणि तरीसुद्धा, एवढं सगळं होऊनही, त्या गॅलरीखाली सावली असते. तिथे चप्पल शिवणारा बसलेला असतो, पाण्याचा माठ असतो, ऑटोची वाट बघणारी बाई उभी असते.

बर्डीला हे रूप का आलं, ते तिच्या जागेत आहे. पूर्वेला गोंड राजा बख्त बुलंद शाहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेलं आणि भोसल्यांनी वाढवलेलं जुनं शहर: महाल, इतवारी, सराफा. पश्चिमेला इंग्रजांचं सिव्हिल लाइन्स. मध्ये टेकडी, जिच्यावर नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकार यांची लढाई झाली आणि नंतर किल्ला उभा राहिला. १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६७ मध्ये रेल्वे आली. टेकडीच्या पायथ्याचा बाजार एकाएकी दोन शहरांच्या मधला उंबरठा झाला. इथे दुकान बांधणारा व्यापारी महालातला सुतार लावायचा, पण त्याची नजर साहेबाच्या बंगल्यावर असायची. म्हणून बर्डीच्या जुन्या इमारतींत वाड्याची गॅलरी आणि बंगल्याचा गिलावा एकत्र दिसतो. पुढे १९३० ते १९५०च्या दरम्यान, नागपूर अजून राजधानीच होती तेव्हा, गोलसर कोपरे, आडव्या पट्ट्या, जहाजासारखे कठडे आले. धंतोली-रामदासपेठेच्या बंगल्यांवर ही शैली आजही भरपूर दिसते. बाजारात ती बोर्डांखाली दडली आहे. १९५६ मध्ये राजधानीपण गेलं. बाजार मात्र गेला नाही, उलट वाढला.

दगडाबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्याकडे आपलं लक्ष नसतं. नागपूर दोन भूस्तरांच्या सांध्यावर बसलेलं शहर आहे. पश्चिमेकडून दख्खनचा काळा दगड इथवर येतो, पूर्वेकडे जुने खडक सुरू होतात, आणि उत्तरेला कामठी-सावनेरकडे वालुकाश्म आहे. आपलं रेल्वे स्टेशन, १५ जानेवारी १९२५ रोजी उद्घाटन झालेलं, त्या सावनेरच्या लालसर दगडाचं आहे. बाजारातली जोती बहुतेक काळ्या दगडाची. म्हणजे शहराच्या पन्नास किलोमीटरच्या परिघातला माल वापरून, इथल्या उन्हासाठी, इथल्या हातांनी हे बांधलेलं होतं. आज दर्शनी भागावर चढणारी काच आणि एसीपीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ थर लावलेल्या, शिटा मुंबई, सुरत, इंदूर, कुठेही तशाच लागतात. त्यामुळे बर्डीचा फोटो कुठल्या गावचा आहे हे ओळखायला दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचावा लागतो.

आता नव्या इमारतींकडे येतो. बर्डीवर नवं बांधकाम तीन लाटांत झालं असं मला दिसतं. पहिली लाट कॉम्प्लेक्सची. तळघरात दुकानं, मधे अंधारा बोळ, बोळात दोन्हीकडून लटकणारी एसीची बाहेरची यंत्रं. त्यांची गरम हवा थेट चालणाऱ्याच्या तोंडावर येते आणि पाणी डोक्यावर गळतं. मोदी नंबर दोन, मोदी नंबर तीनच्या गल्ल्यांत मोबाइल दुरुस्त करायला जाणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. या कॉम्प्लेक्सनी शेकडो छोट्या दुकानदारांना जागा दिली, हे त्यांचं मोठं काम, आणि ते मी नाकारत नाही. पण रस्त्याकडून त्यांनी घेतलं बरंच आणि दिलं थोडं.

दुसरी लाट मॉलची. मॉल आतून थंड असतो, स्वच्छ असतो, तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह असतं. बाजारातल्या स्वच्छतागृहांची अवस्था ज्यानं पाहिली आहे त्याला याचं मोल कळेल. पण मॉलची रस्त्याकडची बाजू बघा: कोरी भिंत, जाहिरातीचा पडदा, गाड्या आत जायचा उतार आणि पिशवी तपासणारं एकच दार. शंभर-दीडशे फुटांच्या त्या लांबीत पूर्वी आठ-दहा दुकानं असती, आठ-दहा ओटे असते. मॉलनं सावली आत नेली आणि दारावर पहारा बसवला. ज्याच्या अंगावर बरे कपडे नाहीत, ज्याच्या डोक्यावर बोजा आहे, तो त्या दारातून जात नाही. कुणी अडवलं नाही तरी जात नाही.

जाता जाता एम्प्रेस मिलचं नाव घेतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि त्याला नाव एम्प्रेसच आहे. व्हेरायटी चौकाचंही तेच: ज्या टॉकीजवरून नाव पडलं ती गेली, नाव उरलं. नावं सांभाळायला आपल्याला काही खर्च येत नाही. गिरणीचं एखादं दालन, टॉकीजचं पुढचं छत सांभाळायला येतो.

तिसरी लाट मेट्रोची, आणि इथे माझं मत अनेक वारसाप्रेमी मित्रांपेक्षा वेगळं आहे. मुंजे चौकातलं सीताबर्डी स्टेशन, जिथे ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका एकमेकींना ओलांडतात, ते अवाढव्य आहे, आणि किल्ल्याच्या टेकडीला लागूनच आहे. टेकडीचं दर्शन त्यानं अडवलं ही तक्रार खरी आहे. पण वरचा प्रश्न त्याला विचारून बघा. त्याच्या पोटाखाली भर दुपारी शेकडो माणसं सावलीत उभी असतात. सरकत्या जिन्यावर म्हातारी माणसं चढतात. ज्या चौकात रस्ता ओलांडणं म्हणजे जीव मुठीत धरणं होतं, तिथे आता वरून जाता येतं. सार्वजनिक पैशानं बांधलेली ही वास्तू चालणाऱ्या माणसाला काहीतरी देते. जुन्या गॅलरीनं जे केलं तेच ती मोठ्या मापात करते. तिची खरी उणीव वेगळी आहे. स्टेशनची सावली जिथे संपते तिथून बाजाराच्या तोंडापर्यंत डोक्यावर काही नाही. पन्नास-साठ पावलांचा तो पट्टा उन्हात फेकून दिलेला आहे, कारण तो मेट्रोच्या हद्दीत नाही आणि महापालिकेच्या कुठल्या कामात बसत नाही.

सरकारी कामाची दुसरी बाजूही आपण पाहिली. रेल्वे स्टेशनसमोर उड्डाणपूल बांधला, त्याखाली दुकानं काढली. १९२५च्या त्या दगडी इमारतीचं तोंड पुलानं झाकून टाकलं. आणि वीस वर्षंही व्हायच्या आत तोच पूल पाडला. एवढा पैसा, त्या दुकानदारांची एवढी ओढाताण, कशासाठी? सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवरून उड्डाणपूल गेला तेव्हाही विचार झाला तो गाड्यांचा. पुलाखाली सावली पडली खरी, पण ती रस्त्याच्या मधोमध. दुकानांच्या पायऱ्यांवर ऊन तसंच आहे.

महालात गेलं की दुसरंच दुखणं दिसतं. जुम्मा दरवाजा, आजचं गांधी गेट, अजून उभं आहे, कारण तो दरवाजा आहे, इतिहासात त्याची नोंद आहे. पण दरवाज्याच्या आतला रस्ता कशानं बनला होता? वाड्यांच्या आणि दुकानांच्या पुढच्या दहा फुटांनी. आणि रस्ता रुंदीकरण म्हटलं की पहिला घाव बसतो तो याच दहा फुटांवर. केळीबाग रोडचं रुंदीकरण होताना इमारतींच्या दर्शनी भागाला कात्री लागली. आतली खोली, आतलं स्वयंपाकघर उघडं पडलेलं आपण पाहिलं. मग उरलेल्या भागाला सरळ भिंत घालून शटर बसवायचं. ओटा गेला, गॅलरी गेली, खांब जुन्या लाकडाच्या बाजारात गेले. रस्ता रुंद झाला आणि त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या. रुंदीकरणाची गरज मी सरसकट नाकारत नाही. अग्निशमनाची गाडी आत जायलाच हवी. पण जेवढी जागा घेतली तेवढ्यात छत असलेली पायवाट किती झाली, याचा हिशेब कुणी दिला पाहिजे की नाही?

या सगळ्याचं कारण आपल्या लोकांना सौंदर्यदृष्टी नाही असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कारण पैशात आणि कायद्यात आहे. बर्डी-महालातल्या कितीतरी जुन्या इमारतींत भाडेकरू पिढ्यान्पिढ्या आहेत. पूर्वी पागडी दिली, भाडं नावापुरतं. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण चार टक्के कशावर? शंभर-दीडशे रुपयांच्या भाड्यावर चार टक्के म्हणजे महिन्याला चहाचे पैसेही नाहीत. असा मालक सागवानी घोडा बदलून घेईल कशाला? त्याला इमारत पडण्यात फायदा आहे. पडली की मोकळा प्लॉट, वाढीव चटई क्षेत्र म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, बिल्डरशी करार. भाडेकरूचाही जीव त्या भिंतीत नाही, कारण ती त्याच्या नावावर नाही. त्याचा जीव बोर्डात आहे. दोघांनाही आपापल्या परीनं शहाणपणाचं वाटेल तेच ते करतात आणि त्यात रस्ता मरतो.

वारसा यादी आहे, वारसा संवर्धन समिती आहे, श्रेणी एक-दोन-तीन आहेत. पण यादीत वास्तू येते ती एकेकटी. बर्डीवरची दुमजली इमारत एकेकटी पाहिली तर तिच्यात थोर असं काही नसतं. तिचं थोरपण तिच्या शेजारणीत आहे: तिची गॅलरी संपते तिथे पुढची सुरू होते, म्हणून सावली अखंड राहते. मधली एक पाडून तिथे काचेचा सपाट दर्शनी भाग आला की दोन्हीकडच्या सावलीचा दोर तुटतो, आणि चालणारा माणूस रस्त्यात उतरतो. ही साखळी जपायची असेल तर यादी रस्त्याची हवी, इमारतींची नाही. कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला छत अखंड राहिलंच पाहिजे, हे विकास आराखड्यात लिहिलेलं हवं.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईच्या दादाभाई नवरोजी रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतींना रस्त्याकडेनं आर्केड, म्हणजे कमानींखालची छत असलेली पायवाट, ठेवणं बंधनकारक केलं गेलं. प्रत्येक मालकानं आपली इमारत आपल्या आवडीनं बांधली, कुणी गॉथिक, कुणी आणखी कसली, पण खालची कमानीची वाट सलग राहिली. शंभर वर्षांनी त्याच रस्त्यावर पाट्यांचा गोंधळ माजला, तेव्हा वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांसाठी नियम आखले: पाटी कमानीच्या आत बसली पाहिजे, खांब आणि नक्षी झाकता कामा नये. दुकानदारांशी बोलून ते अमलात आले. तिथली दुकानं बंद पडली नाहीत. दिल्लीचं कॅनॉट प्लेस १९३०च्या दशकात झालं, त्याचा सगळा प्राण त्या गोल खांबांच्या ओळीत आहे. जूनच्या दुपारी दिल्लीकर तिथे चालू शकतो याचं कारण तेच.

आपल्याकडे हे सुचवलं की तीन आक्षेप येतात. तिन्ही खरे आहेत आणि तिन्हींना उत्तर आहे.

दुकानदार म्हणतो, बोर्ड मोठा नसेल तर गिऱ्हाईक येणार कसं? पण बर्डीवर आज प्रत्येकाचा बोर्ड मोठा आहे, म्हणून कुणाचाच दिसत नाही. आणि ज्या दुकानात नागपूर पिढ्यान्पिढ्या साड्या घेतं, त्याचा पत्ता कुणी बोर्ड वाचून शोधत नाही. सगळ्यांचे बोर्ड एकाच दिवशी लहान झाले तर कुणाचंही नुकसान नाही. एकट्यानं लहान केला तर आहे. म्हणून हे नियमानंच व्हावं लागतं, आवाहनानं होत नाही.

बिल्डर म्हणतो, तळमजल्यावरची सगळ्यात महागडी जागा आम्ही वाटेला का सोडावी? सोडू नका, त्याचा मोबदला घ्या. रस्त्याकडच्या आर्केडचं क्षेत्र चटई निर्देशांकात धरू नये, आणि तेवढं बांधकाम वर करू द्यावं. मात्र ती वाट कायम खुली राहील, तिला जाळी-शटर लागणार नाही, हा शेरा मंजुरीच्या नकाशावरच हवा. जुनी इमारत राखणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसरीकडे बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, द्यावा, आणि तो विकून आलेल्या पैशातला ठरलेला वाटा दुरुस्तीवरच खर्च करायची अट घालावी. भाडेकरूला त्या दुरुस्तीत वाटा उचलायला लावून बदल्यात लेखी हक्क द्यावा. मालक आणि भाडेकरू या दोघांच्या खिशाला इमारत उभी राहणं परवडलं, तर उपदेशाची गरजच पडणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: आर्केड केलं की फेरीवाले बसणार. बर्डीच्या मेन रोडवर फेरीवाल्यांचा प्रश्न किती तापलेला आहे ते मला माहीत आहे. दुकानदारांचा राग, महापालिकेची पथकं, उचललेला माल, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं फेरीवाल्याला हक्क दिला आहे आणि शहर विक्रेता समितीला जागा ठरवायचं काम दिलं आहे. आज सावली थोडी आहे म्हणून तिच्यासाठी भांडण आहे. रुमाल आणि मोजे विकणारी बाई सकाळी दहापासून रात्रीपर्यंत तिथे असते. तिला दोन फूट सावली मिळू नये म्हणून सगळ्या चालणाऱ्यांची सावली काढून घ्यायची, हा कुठला न्याय? वाटेची रुंदी आखा, त्यात चालायचा भाग वेगळा आखा, बसायचा वेगळा, आणि दुकानदाराचा माल मांडायचा तिसरा. दुकानदारांनी वाटेत लावलेले पुतळे आणि कपड्यांचे स्टँडही तेवढ्याच तत्परतेनं उचलले गेले पाहिजेत.

मला सगळ्यात जास्त काळजी पुढच्या काही वर्षांची वाटते. मेट्रो आल्यामुळे बर्डीच्या जमिनीचा भाव वाढला आहे, मेट्रोच्या दोन्ही बाजूंना जास्त चटई क्षेत्र मिळतं आहे. म्हणजे जे आजवर टिकलं ते आता भराभर पडणार. ते सगळंच वाचवता येणार नाही आणि सगळंच वाचवण्याच्या लायकीचंही नाही. पण त्या जागी जे उभं राहील त्याचा नियम आज लिहिलेला नसेल, तर सपाट काच उभी राहील आणि पुढची साठ वर्षं ती हलणार नाही. बर्डीवर पूर्वी सावली देणं ही बांधकामाची रीत होती. रीत मोडली, तर तिची जागा नियमानं घ्यावी लागते.

सुरुवात व्हेरायटी चौक ते लोखंडी पूल या पट्ट्यापासून करता येईल. नागपुरात व्हीएनआयटीसारख्या संस्थेत वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक इमारतीचा दर्शनी नकाशा त्यांच्याकडून काढून घ्यावा: कुठे छत आहे, किती पुढे आलेलं आहे, कुठे तुटलं आहे, बोर्डामागे काय आहे. तो नकाशा बर्डीवरच, लोक येतात-जातात त्या ठिकाणी, मराठीत लावावा, म्हणजे दुकानदार आपापली इमारत त्यात शोधतील आणि भांडायला का होईना, येतील. नियमाचा मसुदा त्याच्यानंतर. आणि मुंजे चौकातल्या मेट्रोच्या जिन्यापासून बाजाराच्या पहिल्या दुकानापर्यंत छत टाकायला तर कुठल्याही मसुद्याची वाट बघायला नको. मेट्रो आणि महापालिका यांनी एकत्र बसून पुढच्या मार्चच्या आत ते करावं.